दान कुणाचे आणि हात कुणाचा?

कार्ल्याच्या चैत्यगृहात एक छोटासा ब्राह्मी लेख आहे. कोडी नावाच्या भिक्खुणीने तेथील वेदिका दान दिली, ती घुणिकाची आई, असे त्यात म्हटले आहे. दानाची नोंद म्हणून एवढे पुरेसे होते. परंतु लेख तेथे थांबत नाही. ही वेदिका नंदिकाने केली, असे पुढे कोरले आहे. दान कोडीचे आणि हात नंदिकाचा. दोहोंसाठी शब्दही वेगळे आहेत. देण्यासाठी ‘दानं’ आणि करण्यासाठी ‘कतं’.

आम्ही पेशाने वकील. खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि साठेखते वाचण्यात आमची निम्मी हयात गेली. त्यांत लिहून देणार असतो, लिहून घेणार असतो, साक्षीदार असतात, चतुःसीमा असते, घर किती चौरस फुटांचे तेही असते. ते घर कोणत्या गवंड्याने बांधले आणि त्याचा दरवाजा कोणत्या सुताराने घडवला, हे आम्ही आजवर एकाही दस्तात वाचलेले नाही. म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या एका डोंगरात दात्याच्या नावाशेजारी कारागिराचे नाव कोरले गेले, याचे आम्हाला राहून राहून अप्रूप वाटते. सौंदर्याविषयी लिहायचे तर आम्ही येथूनच सुरुवात करू.

वाचकहो, सौंदर्य हा आपला विषय नाही, असा एक समज आपल्या चळवळीत आहे. शिल्प, वास्तू, नक्षी ही पोटभरल्यांची चैन, आपल्याला भाकरीचे, आरक्षणाचे आणि अत्याचाराच्या खटल्यांचे प्रश्न आहेत, असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्हीही ते खटले चालवतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे आम्हाला कळते. परंतु या देशातली सर्वांत देखणी लेणी ज्या धम्माने उभी केली, त्या धम्माच्या माणसांनी सौंदर्याकडे पाठ फिरवायची आणि त्यावर भाष्य करण्याचा मक्ता दुसऱ्यांना द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही. आपल्या सहली लेण्यांवर जातात. वंदना होते, भाषणे होतात, डबे उघडले जातात, फोटो काढले जातात. लेणे पाहायचे राहून जाते.

तेव्हा एकदा कार्ले नीट पाहू. हे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, साधारण ४५ फूट रुंद आणि जवळपास तेवढेच उंच आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याचे काम आणि त्याला मिळणारी दाने चालू होती. येथे लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हे बांधलेले नाही. एकावर एक दगड रचून ते उभे केलेले नाही. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमधून नको असलेला दगड काढून टाकला आणि जे उरले ते चैत्यगृह. असे काम वरून खाली उतरत होते. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब आणि सर्वांत शेवटी जमीन. त्यामुळे उंच परांची लागत नसे, पण चूक पुसण्याची सोयही नसे. लाकडाचा खांब चुकला तर दुसरे लाकूड आणता येते. येथे छिन्नीचा एक घाव जास्त बसला, तर तो दोन हजार वर्षे तसाच दिसणार. अर्धवट सोडलेली लेणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती पाहिली, की काम कोणत्या क्रमाने उतरत जाई ते कळते. अशी लेणी लोक ‘अपूर्ण’ म्हणून ओलांडून जातात. कारागिराची पद्धत शिकायची असेल तर आम्ही तीच आधी पाहावीत असे सांगू.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. पायाशी घट, मध्ये अष्टकोनी दांडा, वर उलट्या घंटेसारखा भाग, त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. काही ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र, काही ठिकाणी दोन स्त्रिया. चेहरे पाहा, केशभूषा पाहा. हे देव नाहीत. हत्तीवर बसून स्तूपाकडे आलेली ही माणसे आहेत. स्तूपाच्या मागे मात्र सात खांब अगदी साधे आहेत. त्यांना घट नाही, हत्ती नाही, काहीच नाही. तिथे अंधार असतो आणि प्रदक्षिणा करणाऱ्याने खांब पाहायचे नसून चालत राहायचे असते. कुठे नक्षी करायची आणि कुठे हात आवरायचा, हे ठरवणारे डोके साधे नसावे. आजकाल आपण जी प्रवेशद्वारे आणि कमानी उभारतो, त्यांच्यावर इंचभर जागा मोकळी सोडत नाही. त्या मंडळींनी या सात खांबांसमोर थोडा वेळ उभे राहावे.

आता मान वर करा. छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत. त्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि दोन हजार वर्षांच्या आहेत. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच आहे. गंमत अशी, की या फासळ्या छत पेलत नाहीत. छत अखंड दगडाचे, त्याला फासळ्यांचा आधार कशाला हवा? तरी त्या बसवल्या, कारण त्याआधीची चैत्यगृहे लाकडाची होती आणि बांधणाऱ्यांच्या हातात लाकूडकामाची सवय मुरलेली होती. हे खोऱ्यापलीकडच्या भाज्याला गेलात तर आणखी स्पष्ट होते. भाज्याचे चैत्यगृह कार्ल्यापेक्षा जुने. तेथील खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी छताचा रेटा पेलायला खांब कलते ठेवावे लागत, म्हणून दगडातही ते कलते कोरले. कार्ल्याला येईपर्यंत कारागिरांच्या ध्यानात आले, की दगडाला हा रेटा नसतोच. खांब सरळ उभे राहिले. मालवली स्टेशनवर उतरले, तर एका दिवसात दोन्ही लेणी होतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी एक गोष्ट शिकून घेतली, ती आपल्याला दोन-चार तासांच्या पायपिटीत डोळ्यांनी दिसते. असे शिकवणारे विद्यापीठ जवळ असताना आपण तेथे नुसती सहल काढतो.

कार्ल्याचे तोंड पश्चिमेला आहे. तेव्हा जायचे तर दुपार कलल्यावर जावे. दर्शनी भागावरच्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत येतो. बाजूच्या वाटा काळोखात राहतात आणि मधला स्तूप उजळतो. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात या प्रकाशयोजनेचे मनापासून कौतुक केले होते. आपल्या लोकांनी ते करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही.

तर हे सारे कुणी केले? वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा लेख व्हरांड्यात आहे. श्रेष्ठीने थोडी बढाई मारली असेल, पण ती खोटी म्हणवत नाही. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान आहे. खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत, सोपाऱ्याच्या भाणकाचे नाव आहे. धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दाराचे दान देतो. आणि त्याच धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. त्याने दार केले, असे लेख सांगतो. येथे आमच्यातला वकील जागा होतो. सामीने दार स्वतःच्या पैशाने करवले, की स्वतःच्या हाताने घडवले? शब्द ‘करणे’ असा आहे, ‘दान’ असा नाही, आणि माणूस सुतार आहे. आम्ही हाताच्या बाजूने कौल देतो. दुसरा अर्थ कुणी लावला तरी आमचे काही बिघडत नाही. सुताराच्या कमाईतून चैत्यगृहाचे दार होत असे, हेही काही लहान सत्य नव्हे.

पण सुतार आणि दगड? हाच आमच्या आजच्या लेखाचा मुद्दा आहे. लाकडावर काम करणारा सामी दगडाच्या दाराशी आपले नाव सोडून जातो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती सापडली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हाताच्या पाठीवर लेख आहे, की ही कण्हदासाने केली आणि कण्हदास सोनार आहे. सोनाराने यक्ष कोरला, म्हणून त्याच्या अंगावरचे दागिने नीट पाहावेत. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लिहिले आहे, की येथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले. हस्तिदंताचा तुकडा तळहाताएवढा. त्यावर बारीक कोरीव काम करणारे हात तोरणाच्या खांबावर गेले, म्हणून सांचीच्या तोरणांवर माणसांची एवढी गर्दी मावली. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, वासिष्ठीचा मुलगा, याचे नाव आहे. कोंढाण्याच्या लेण्यावर कण्हाचा शिष्य बलक याने केले, असा लेख आहे. गुरूचे नाव आणि शिष्याचे नाव, दोन्ही.

सुतार दगडात आला, सोनार दगडात आला, हस्तिदंतवाले दगडात आले. हात एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात गेला आणि जाताना आपले कसब घेऊन गेला. या संचारातून ही शिल्पे जन्माला आली. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात जातीवर जो आर्थिक आरोप ठेवला, तो नेमका याच ठिकाणी लागू पडतो. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, ती माणसाला आपला धंदा बदलू देत नाही, हे त्यांनी सांगितले. आम्ही त्याला एक पुरवणी जोडू इच्छितो. धंदा बदलू दिला नाही तर माणूस उपाशी मरतो हे खरेच, पण त्याबरोबर कलाही आटते. ज्या समाजात सोनाराच्या हातात छिन्नी जाऊ शकत नाही, तेथे पितळखोऱ्याचा यक्ष होत नाही.

एवढ्या पाच-सहा लेखांवरून त्या काळी जात नव्हतीच, असा निकाल आम्ही देणार नाही. न्यायालयात असा युक्तिवाद टिकायचा नाही. पण पुरावा पुरावाच असतो. आणखी एक पुरावा नाशिकला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, त्यावर महिना शेकडा एक व्याज, आणि दुसरीकडे १,०००, त्यावर शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवराचा खर्च भागवायचा. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख म्हणतो. याला आज आम्ही विश्वस्त करार म्हणू. राजाचा जावई कायमची ठेव ठेवायला कुणाकडे जातो? विणकरांकडे. आज एखादा विणकर बँकेत कर्ज मागायला गेला तर त्याला किती कागद मागतात, ते आम्ही आमच्या अशिलांच्या बाबतीत पाहतो.

मग ही नावे गेली कुठे? दगडावर ती आहेतच, पण लोकांच्या तोंडून गेली. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले. पांडवांनी वनवासात एका रात्रीत लेणी खोदली, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी डोंगरांबद्दल ऐकू येते. वेरूळच्या दहाव्या लेण्याच्या छतावर लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल दगडात आहे. लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणत, हे ठीकच होते. पण तेच लेणे ‘विश्वकर्मा’ या नावानेही ओळखले जाऊ लागले. तेथील धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजून हात जोडले गेले. खोदणारा सुतार देव झाला आणि देव झाल्यावर त्याची मजुरी विचारायचे कारण उरले नाही. एका रात्रीत पांडवांनी केले म्हटले, की पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्यांचा हिशोबच मिटतो. कारागिराचे नाव पुसायला छिन्नी लागत नाही, गोष्ट पुरते.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की नावे कोरण्याची चाल केवळ बौद्ध लेण्यांपुरती नव्हती. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांवर, बेलूरला, सोमनाथपूरला शिल्पकारांच्या सह्या आहेत. दासोज, मल्लितम्म ही नावे अभ्यासकांना ठाऊक आहेत. ज्याने नाव जपले त्याचे श्रेय त्याला द्यावे, तो कोणत्याही धर्माचा असो.

आता आम्हाला सर्वांत जवळचा वाटणारा पुरावा. आंध्रातल्या अमरावतीच्या महास्तूपावर एक शिलापट्ट होता. पूर्णघटाचा, म्हणजे भरून वाहणाऱ्या, कमळे उमललेल्या कलशाचा. तो दान देणाऱ्याचे नाव विधिक. नाग नावाच्या उपाध्यायाचा हा मुलगा. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली, नातलग आणि मित्र या सर्वांसह तो हे दान देतो. आणि आपला धंदा तो लपवत नाही. चर्मकार, असे त्याने दगडावर लिहवून घेतले आहे. बाप शिकवणारा आणि मुलगा चर्मकार. महास्तूपावर चर्मकाराच्या दानाने पूर्णघट बसतो आणि कुणाचा विटाळ होत नाही. पुढे या देशात काय झाले, हे आम्ही या पानावर सांगण्याची गरज नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेतल्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले, ते चित्र सर्वांनी पाहिलेले आहे.

विधिकाचे कसब आज आपल्या डोळ्यांसमोर कुठे आहे? कोल्हापुरी चपलेत आहे. ही चप्पल आम्ही शिल्पाइतकीच गंभीरपणे पाहायला सांगतो. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे. रापीने कापायचे, आरीने भोक पाडायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर एकमेकांवर बसतात, बाजूला कान, पुढे अंगठा, पट्ट्यावर बारीक वेणी. पहिले काही दिवस ती पायाला चावते, मग पायाचा आकार घेते आणि वर्षानुवर्षे टिकते. करकर वाजणारी चप्पल हवी असेल तर तळाच्या थरांमध्ये बिया घालतात. आपण येतोय हे वळणाआधीच कळावे, असा तो रुबाब. कार्ल्याच्या फासळ्या छत पेलत नाहीत, त्या शोभेच्या आहेत. कोल्हापुरीतली वादीची शिलाई चप्पल धरून ठेवते आणि तीच तिची शोभाही आहे. ज्यात सांधा झाकावा लागत नाही, ती रचना आम्ही वरच्या दर्जाची मानतो. आणि त्यातले वेणीचे आणि शिलाईचे कितीतरी काम घरात बसून बाया करतात. दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव असते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. नाव दिले चामड्याच्या सँडल. महाराष्ट्रात आरडाओरड झाली. मग कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून ही रचना सुचल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. म्हणून काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, त्रयस्थांनी जनहिताच्या नावाने ती मागू नये, असा त्या निर्णयाचा रोख होता.

अनेकांना हा निर्णय झोंबला. आम्हाला वाटते, की झोंबायला हवा तो कायदा. १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. ‘कोल्हापुरी’ असे खोटे नाव लावून कुणी माल विकला तर तो पकडता येतो. नाव न लावता हुबेहूब आकार उचलला, तर हा कायदा फारसा कामाला येत नाही. २००० चा डिझाइन कायदा आकाराचे रक्षण करतो, पण त्याला आकार नवा लागतो. जो आकार आपल्या आजा-पणजांच्या पायात होता तो नवा कसा ठरणार? म्हणजे नाव वाचवणाऱ्या कायद्यात आकार बसत नाही आणि आकार वाचवणाऱ्या कायद्यात जुने काही बसत नाही. या दोन फटींमधून एका समाजाचे शतकांचे कसब सहज निसटून जाते. शिवाय मानांकनाचे मालक कोण, तर दोन सरकारी महामंडळे. आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आपल्या तालुक्यात किती चर्मकार बंधू-भगिनींनी ती केली आहे, हे आमच्या वकील मित्रांनी एकदा तपासावे. अर्ज भरून देण्याचे काम आपण फी न घेता करू शकतो.

डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीने या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून मर्यादित २,००० जोड करून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो ठेवायची, असे जाहीर झाले. आम्ही या कराराच्या विरोधात नाही. कष्टाला गिऱ्हाईक मिळते आहे, मिळू द्यावे. आमची एवढीच मागणी आहे, की त्या ८०० युरोंतले किती रापी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचतात ते महामंडळाने जाहीर करावे, आणि त्या २,००० जोडांच्या तळावर कंपनीच्या शिक्क्याबरोबर करणाऱ्याचे नाव असावे. ही मागणी कुणाला भाबडी वाटेल. पण आपल्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हाताने लिहिणारे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी मोबदला नाकारून प्रत्येक पानावर आपले नाव असावे एवढी अट घातली, असे सांगतात. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी त्या पानांवर चित्रे काढली. बाबासाहेबांचे नाव ज्या ग्रंथाशी जोडले आहे, त्या ग्रंथाच्या पानावर लेखणी धरणाऱ्याची सहीही मावली. चपलेच्या तळावर जागा कमी पडायचे कारण नाही.

दुसऱ्यांना सांगताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप लाखो लोक पाहतात. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुने स्तूप भरीव असत, माणूस बाहेरून प्रदक्षिणा करी. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, माणसे त्याच्या पोटात जाऊन बसतात. ज्यांना शतकानुशतके बाहेर उभे केले, त्यांच्यासाठी आत शिरता येईल असा स्तूप केला, याहून अर्थपूर्ण रचना आम्हाला सुचत नाही. पण ती सुचलेल्या वास्तुविशारदाचे नाव, शिवदानमल, आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि घुमटाच्या सळ्या बांधणाऱ्यांचे? १ जुलै २०२४ ला तेथील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि सरकारला काम थांबवावे लागले, तेव्हा या वास्तूवर लोकांचा किती जीव आहे ते साऱ्या महाराष्ट्राला दिसले. त्या जिवातला थोडा वाटा करणाऱ्यांकडेही वळावा.

आमच्या तालुक्यातल्या एका विहाराचे काम काही वर्षांपूर्वी पूर्ण झाले. छोटेच आहे, पण त्याचा घुमट इतका गोल आणि इतका हलका उतरला आहे, की जाणारे-येणारे मोटारसायकल थांबवून पाहतात. आत काळ्या दगडाची पाटी आहे. ५०१ रुपयांपासून पुढच्या सर्व दात्यांची नावे रकमेसह कोरलेली. या पाट्यांची काही सुशिक्षित मंडळी टिंगल करतात, आम्ही करत नाही. गाव, धंदा आणि दान कोरून ठेवण्याची ही चाल कार्ल्याच्या खांबांइतकी जुनी आहे. पाटीवर भूमिपूजन करणारे आमदारही आहेत. घुमटाची लाकडी सेंटरिंग लावणारा सुतार आणि तो भरणारा गवंडी मात्र नाहीत. आम्ही समितीला विचारले. उत्तर आले, ‘साहेब, त्याला मजुरी दिली की.’

आम्ही त्यांना कोडीचा आणि नंदिकाचा लेख सांगितला. मंडळी समजूतदार होती. खाली तीन-चार ओळींची जागा आहे, नावे कोरून घेऊ, असे एकमताने ठरले. मग नावे शोधायला सुरुवात झाली. गवंड्याचे नाव एका ज्येष्ठ उपासकाला आठवले. सुताराचे कुणालाच आठवेना. तो शेजारच्या जिल्ह्यातून आला होता, पावसाच्या आधी काम आटोपून गेला, एवढेच सर्वांना माहीत होते. शेवटी खजिनदारांनी पेटीतून जुन्या पावत्यांची पिशवी काढली. सुताराची पावती सापडली. तारीख होती, रक्कम होती, खाली अंगठा होता. नावाच्या जागी लिहिले होते, ‘मिस्त्री’.